कार्यविश्लेषण : उपयोग आणि मर्यादा

मनुष्यबळ व्यवस्थापनावरील पाठ्यग्रंथांत कार्यविश्लेषणाच्या वाट्याला बहुधा एकच प्रकरण येते. तेही आरंभीचे आणि काहीसे रुक्ष. विद्यार्थी ते परीक्षेपुरते वाचतो, अध्यापक ते एका तासात संपवितो आणि भरती, प्रशिक्षण, वेतन, बढती, औद्योगिक संबंध इत्यादी अधिक चैतन्यपूर्ण वाटणाऱ्या विषयांकडे दोघेही वळतात. परंतु या सर्व विषयांचा पाया त्या एका प्रकरणातच घातलेला असतो. कोणत्या कामासाठी माणूस निवडावयाचा हे ठरल्यावाचून निवड करता येत नाही. त्या कामास कोणते कौशल्य लागते हे कळल्यावाचून शिक्षण देता येत नाही. आणि एका कामाची दुसऱ्याशी तुलना केल्यावाचून न्याय्य वेतनश्रेणी बांधता येत नाही. अशा पायाभूत गोष्टीची जितकी चिकित्सा व्हावयास हवी तितकी झालेली नाही. तिचे उपयोग मोजण्यात आले. ते उपयोग ज्या गृहीतावर उभे आहेत त्याची पारख मात्र मागे पडली. त्या गृहीताचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यविश्लेषण म्हणजे एखाद्या कामाची पद्धतशीर फोड करून त्यात कोणती कर्तव्ये, कोणत्या क्रिया, कोणती साधने, कोणती जबाबदारी व कोणती परिस्थिती अंतर्भूत आहे हे निश्चित करणे होय. त्यातून दोन कागद निर्माण होतात. पहिला कार्यवर्णनाचा, त्यात कामाचे स्वरूप सांगितलेले असते. दुसरा पात्रतानिर्देशाचा; त्यात ते काम करणाऱ्याच्या अंगी काय असावयास हवे हे नमूद केलेले असते. निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली आणि कर्मचाऱ्याने ठेवलेली दैनंदिनी ही माहिती मिळविण्याची रूढ साधने होत. या सर्व प्रक्रियेमागील गृहीत असे की, काम ही करणाऱ्यापासून अलग काढता येण्याजोगी एक वस्तू आहे, आणि शिक्षित विश्लेषकाने ती नीट पाहिली तर तिचे तटस्थ वर्णन करता येते. या गृहीताचा पूर्वार्ध मौल्यवान आहे. उत्तरार्ध शंकास्पद आहे. दोहोंमधील हा भेद न केल्यामुळे कार्यविश्लेषणाचे समर्थक त्याला शास्त्र समजून निःशंक राहतात, तर विरोधक त्याला कागदी उपचार समजून टाकून देतात.

(१)

प्रथम पूर्वार्धाचा विचार करू गेल्यास, पदाची कर्तव्ये लिहून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रास नवी नाही. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यात अष्टप्रधानांपैकी प्रत्येकाने काय करावे हे पदवार सांगितलेले आहे. ‘जाबता’ हा शब्दच मुळी नियमबद्ध यादी या अर्थाने मराठी दप्तरात रुळलेला होता. राज्याच्या वरच्या थरात काम असे लेखी स्वरूपात आले, तरी खालच्या थरात, म्हणजे गावगाड्यात, त्याचे स्वरूप निराळे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची कामे व त्यांचे हक्क यांची जी तपशीलवार नोंद आढळते ती कोणाही आधुनिक विश्लेषकास हेवा वाटावा अशी आहे. सुताराने कुणब्याचे कोणते काम करावयाचे, त्याबद्दल त्यास धान्याच्या रूपाने काय मिळावयाचे, गावकीच्या कामाची वाटणी कशी होती, हे सारे त्या व्यवस्थेत ठरलेले होते. परंतु तेथे कामाचे वर्णन आणि माणसाचे वर्णन ही एकच गोष्ट होती. हे काम कोण करील, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. जन्मानेच त्याचे उत्तर दिलेले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेच्या समर्थकांना उत्तर देताना नेमक्या याच स्थळी बोट ठेविले. जाती ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत त्याचा आशय असा मांडता येईल की, त्या व्यवस्थेत पात्रतानिर्देश आधी ठरतो, कार्यवर्णन मागाहून येते. आणि पात्रता ही कामाच्या गरजेवरून नव्हे, तर कुळावरून ठरते. आधुनिक कार्यविश्लेषण हा क्रम उलटवू पाहते. आधी काम पाहा, मग त्या कामाला काय लागते ते पाहा, आणि त्यानंतरच माणसाकडे पाहा, असा त्याचा आग्रह आहे. हा आग्रह कार्यक्षमतेपुरता नाही. त्याला नैतिक मूल्य आहे.

या मूल्याची कसोटी अमेरिकेतील एका प्रसिद्ध खटल्यात लागली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात काम मिळे, आणि त्या विभागातील सर्वाधिक वेतन हे अन्य विभागांतील किमान वेतनाहून कमी असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे असा उघड भेद करणे अशक्य झाले, तेव्हा वरच्या विभागांत प्रवेशासाठी शालान्त प्रमाणपत्राच्या अटीला बौद्धिक चाचण्यांच्या नव्या अटीची जोड देण्यात आली. अट सर्वांना सारखी होती. परिणाम मात्र सारखा नव्हता. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, जी अट एका वर्गास मोठ्या प्रमाणावर वगळते तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध मालकाने दाखविला पाहिजे. अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले कर्मचारी त्याच विभागांत समाधानकारक काम करीतच होते, ही गोष्ट निर्णायक ठरली. १९७८ मध्ये तेथील शासनाने कर्मचारी-निवडीविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली त्यांत चाचणीच्या प्रामाण्यासाठी कार्यविश्लेषणास मध्यवर्ती स्थान मिळाले. पाठ्यपुस्तकातील रुक्ष प्रकरण अशा रीतीने समान संधीचे हत्यार बनले. हा त्याचा सर्वांत मोठा उपयोग होय, आणि पुढील टीका वाचताना तो विसरून चालणार नाही.

(२)

आता उत्तरार्ध. कामाचे तटस्थ वर्णन करता येते, हा विश्वास कोठून आला, हे पाहावयाचे तर फ्रेडरिक टेलर यांच्याकडे जावे लागते. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात बिडाच्या लाद्या गाडीत भरण्याच्या कामाची त्यांनी फोड केली, आणि एका मजुराचे दिवसाचे काम साडेबारा टनांवरून सुमारे ४७ टनांवर गेले, त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, असे त्यांनी १९११ मधील आपल्या ग्रंथात सांगितले. ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली. चार्ल्स रेगी आणि अमेडिओ पेरोनी यांनी १९७४ मध्ये मूळ कागदपत्रांच्या आधारे तिची छाननी केली, तेव्हा टेलर यांचे कथन आणि प्रत्यक्ष घटना यांत बरेच अंतर असल्याचे दिसून आले. तथापि या कथेतील अधिक महत्त्वाची गोष्ट आकड्यांची सत्यासत्यता ही नव्हे. काम उचलणारा माणूस आपले काम जाणू शकत नाही, ते जाणणारा दुसरा कोणी असावा लागतो, हा टेलर यांचा सिद्धान्त अधिक महत्त्वाचा आहे. कामाचे ज्ञान मजुराच्या हातातून काढून नियोजन-कचेरीच्या कागदावर न्यावयाचे, असा त्याचा अर्थ होतो. कार्यविश्लेषणाचा जन्म या स्थलांतरातून झाला, आणि लेखणी कोणाच्या हाती असावी हा प्रश्न तेव्हापासूनच निर्णित समजला गेला.

पुढील काळात पद्धती अधिक सूक्ष्म व अधिक सौम्य झाल्या, हे मान्य केले पाहिजे. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकाच्या कामातील अवधानाचा मानसशास्त्रीय अभ्यास केला. जॉन फ्लॅनॅगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या निर्णायक-प्रसंग पद्धतीत काम जवळून जाणणाऱ्या लोकांना यशाचे व अपयशाचे प्रत्यक्ष प्रसंग सांगावयास लावून त्यांवरून कामाच्या मागण्या शोधण्यात येतात. अर्नेस्ट मॅकॉर्मिक व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत १९४ घटकांच्या साहाय्याने कोणत्याही कामाचे अंकांत रूपांतर करण्याची सोय झाली. अमेरिकी श्रमविभागाचा व्यवसायनामकोश १९३९ मध्ये निघाला आणि भारत सरकारचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण १९५८, १९६८, २००४ व २०१५ अशा आवृत्त्यांतून वाढत गेले. तंत्र वाढले, परंतु तंत्राची वाढ ही दृष्टीची शुद्धता ठरत नाही. दोन दोष या सर्व वाढीत टिकून राहिले.

पहिला दोष असा की, नेमून दिलेले काम आणि प्रत्यक्ष घडणारे काम यांतील अंतर कार्यवर्णनात पुसले जाते. आंद्रे ओंब्रदान आणि जाँ-मारी फावेर्ज यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यविश्लेषणावरील फ्रेंच ग्रंथापासून त्या भाषेतील श्रमविज्ञानात हा भेद मूलभूत मानला गेला आहे. यंत्र बिघडते, माल उशिरा येतो, एक माणूस रजेवर असतो, ग्राहक संतापलेला असतो. या सर्वांना तोंड देत काम पुरे करावयाचे तर नेमणूकपत्रात नसलेल्या शेकडो लहान निर्णयांची गरज पडते. ते निर्णय घेणारा कर्मचारी स्वतःही पुष्कळदा त्यांना ‘काम’ म्हणत नाही. विश्लेषकाने विचारले तर तो कागदावरचीच कर्तव्ये सांगतो, कारण तीच सांगण्याजोगी आहेत असे त्यास शिकविलेले असते.

या अंतराचा पुरावा शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. भारतातील कामगार चळवळीला ‘नियमानुसार काम’ या आंदोलनाची चांगली ओळख आहे. त्यात कर्मचारी संप करीत नाहीत. नियमपुस्तिकेत जे लिहिले आहे ते तंतोतंत करतात, त्याहून अधिक काही करीत नाहीत. आणि एवढ्यानेच आस्थापनेचा कारभार मंदावतो. कार्यवर्णन जर कामाचे पूर्ण चित्र असते तर त्याबरहुकूम वागल्याने काम अधिक सुरळीत चालावयास हवे होते. ते अडते, याचा अर्थ असा की, वर्णनाबाहेर राहिलेला भाग हा कामाचा फालतू भाग नसून त्याचा प्राण आहे. व्यवस्थापनास हे अडचणीच्या वेळी कळते. वेतनश्रेणी ठरविताना मात्र त्याचे स्मरण राहत नाही.

हीच गोष्ट सुरक्षिततेची. भूमिगत गटाराच्या सफाईचे काम एखाद्या यादीत तीन शब्दांत संपते, आणि त्यापुढे ‘अकुशल’ असा शेरा पडला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. परंतु त्याच कामाची खरी फोड केली तर झाकण किती आधी उघडावे, आतील विषारी वायूची तपासणी कशी करावी, वर किती माणसे असावीत, दोर कोणी धरावा, किती वेळानंतर बाहेर यावे, आणि मुळात माणसाने आत उतरण्याची गरज आहे काय, असे प्रश्न एकामागून एक पुढे येतात. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारे व मलकुंड साफ करावयास लावणे हा गुन्हा ठरविला. कायद्याला जे सांगावे लागले ते चांगल्या कार्यविश्लेषणाने पूर्वीच सांगावयास हवे होते. वर्णनात जे काम तीन शब्दांत आटोपते त्याची जोखीमही तीन शब्दांइतकीच मोजली जाते.

(३)

दुसरा दोष अधिक खोल आहे. वर्णन पूर्ण झाले तरी त्याचे मोल ठरविण्यासाठी मोजपट्टी लागते, आणि मोजपट्टीवर जे अंश कोरलेले नाहीत ते मोजता येत नाहीत. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी व्यवसायनामकोशाची तिसरी आवृत्ती १९६५ मध्ये निघाली. तीत प्रत्येक व्यवसायास दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे तीन अंक त्या कामाचा माहितीशी, माणसांशी आणि वस्तूंशी असलेला संबंध किती गुंतागुंतीचा आहे हे दर्शवीत. अंक जितका लहान तितकी गुंतागुंत अधिक. बालवाडीतील शिक्षिका आणि पाळणाघरातील अथवा अनाथ मुलांचे संगोपन करणारी स्त्री यांच्या वाट्याला ८७८ हे अंक आले. त्यांचा अर्थ असा की, माहितीशी उल्लेखनीय संबंध नाही, वस्तूंशी उल्लेखनीय संबंध नाही, आणि माणसांशी जो आहे तो केवळ सेवेचा. मूल का रडते हे ओळखणे, दहा मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, बोलता न येणाऱ्याला बोलते करणे यांपैकी काहीही त्या पट्टीवर उमटले नाही. हे अंक देणारे विश्लेषक अप्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. जे काम स्त्रिया घरी विनामूल्य करतात त्याला कौशल्य लागत नाही, ही समाजाची समजूत त्यांच्या मोजपट्टीतच घडविलेली होती.

१९७० नंतर या अंकांवर स्त्री-अभ्यासकांनी कठोर टीका केली. १९७७ च्या चौथ्या आवृत्तीत दुरुस्त्या झाल्या. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९८० मध्ये या कोशाची जी समीक्षा प्रसिद्ध केली तीत स्त्रियांच्या कामांच्या मूल्यनातील या पूर्वग्रहाचाही विचार करण्यात आला. त्यानंतर तीन वर्षांनी आर्ली हॉकशील्ड यांनी विमानसेविकांच्या अभ्यासातून भावनिक श्रमाची कल्पना मांडली. स्वतःच्या भावना आवरून समोरच्याच्या भावना सांभाळणे हेदेखील वेतनाच्या मोबदल्यात करून घेतले जाणारे काम आहे, हा त्या कल्पनेचा गाभा होय. तोपर्यंत ते काम स्वभावाचा भाग समजले जाई. येथे एक नियम स्पष्ट होतो: जे कौशल्य गुण म्हणून गौरविले जाते ते कौशल्य म्हणून मोजले जात नाही.

भारतातील न्यायालयांपुढे हा प्रश्न वेतनसमानतेच्या रूपाने आला. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन मिळत असे. त्यांपैकी एकीने १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, या दोन गटांची कामे भिन्न आहेत. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. काम समान स्वरूपाचे आहे की नाही हे ठरविताना व्यापक दृष्टी घ्यावी, किरकोळ तपशिलांतील फरकाला अवास्तव महत्त्व देऊ नये, आणि कागदोपत्री संभवनीय असलेल्या कर्तव्यांऐवजी प्रत्यक्ष पार पाडली जाणारी कर्तव्ये पाहावीत, असा त्या निर्णयाचा रोख होता. कायदेपंडितांनी या निर्णयाची बरीच चर्चा केली आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी तो कार्यविश्लेषणाच्या पद्धतीवरील निवाडा म्हणून वाचला पाहिजे. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावर आधारित वेतनभेद नको, हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही घेण्यात आले आहे. म्हणजे दोन कामे समान स्वरूपाची आहेत काय, हा प्रश्न पुढेही विचारला जाणार. आणि त्याचे उत्तर देण्यास कार्यविश्लेषणावाचून अन्य साधन नाही.

(४)

या दोन्ही दोषांचा संगम पाहावयाचा असेल तर अंगणवाडीचे उदाहरण पुरेसे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्यविषयक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा अशा सहा सेवा तिच्यात अंतर्भूत होत्या. गावपातळीवर या सेवांचा भार सेविका व मदतनीस यांच्यावर पडला. परंतु त्यांचे पदनाम ‘सेविका’ असे ठेवण्यात आले आणि त्यांना जे मिळते त्याला ‘मानधन’ म्हणण्यात आले. शब्दांची ही निवड निरुपद्रवी नव्हे. वेतन हे कामाचे असते, मानधन हे सन्मानाचे असते. वेतनावर हक्क सांगता येतो, सन्मानावर सांगता येत नाही. कार्यवर्णन वाढत गेले, पण कार्यमूल्यमापन पदनामाशीच थांबले.

डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचारी हे शासकीय पदाचे धारक नाहीत, असा निर्णय दिला होता. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातेतील प्रकरणात मात्र, उपदानाच्या मर्यादित प्रश्नावर, त्याच न्यायालयाने निराळी वाट धरली. मधल्या काळात २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला होता आणि अंगणवाडीकडे वैधानिक कर्तव्ये आली होती. न्यायालयाने सेविकांच्या प्रत्यक्ष कर्तव्यांची यादी तपासली. इतकी कामे असणारी नोकरी अर्धवेळ आहे हे म्हणणे मान्य करता येणार नाही असे सांगितले. ‘मानधन’ हे उपदान कायद्याच्या प्रयोजनार्थ वेतनच होय असे ठरविले. आणि १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ त्यांना देय असल्याचा निर्णय दिला. दोन्ही प्रकरणांतील कायदेशीर मुद्दे वेगळे होते, ही गोष्ट ध्यानात घेऊनही एवढे म्हणता येईल की, दुसऱ्या वेळी न्यायालयाने नावावरून कामाकडे न जाता कामावरून नावाकडे जाण्याचा मार्ग पत्करला. जे विश्लेषण योजना आखणाऱ्यांनी करावयाचे ते सत्तेचाळीस वर्षांनी न्यायासनास करावे लागले.

महाराष्ट्रातील घटनाही हेच सांगतात. २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी संच परत करण्याचे आंदोलन केले. त्यामागे संचांच्या निकृष्टतेची तक्रार होती आणि नोंदी भरण्याच्या उपयोजनातील भाषेची अडचणही होती. वरवर पाहता हा एका उपकरणाचा वाद होता; वस्तुतः तो कार्यवर्णनाचा होता. दैनंदिन माहिती संगणकीय नोंदवहीत भरणे हे एक नवे काम मूळ कामाच्या वर ठेवले गेले. त्याला लागणारा वेळ, साधन, भाषा व शिक्षण यांची फोड मात्र ते काम करणाऱ्यांना पुसून झाली नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी राज्यव्यापी संप पुकारला. त्यातील मागण्यांत मानधनवाढीबरोबर उपदान आणि निवृत्तिवेतन यांचाही समावेश होता. कार्यविश्लेषणाचे प्रकरण अशा रीतीने रस्त्यावर लिहिले जाते, कारण कचेरीत ते लिहिण्याचे राहून गेलेले असते.

(५)

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे दोष पद्धतीचे नसून तिच्या निष्काळजी वापराचे आहेत. या म्हणण्यात तथ्यांश आहे. फ्लॅनॅगन यांची पद्धत प्रामाणिकपणे वापरली तर कागदाबाहेरचे पुष्कळ काम उजेडात येते, आणि अमेरिकेत जुन्या व्यवसायनामकोशाची जागा घेणाऱ्या ओ-नेट या संगणकीय माहितीसंग्रहात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेण्याची व्यवस्था आहे. परंतु प्रश्नावली भरणाऱ्याला तीतील प्रश्न ठरविता येत नाहीत, ही गोष्ट उरतेच. कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि परिस्थिती या घटकांना किती गुण द्यावयाचे, यंत्राच्या किमतीची जबाबदारी मोठी की मुलाच्या जिवाची मोठी, हा निर्णय निरीक्षणातून निघत नाही. तो मूल्यनिर्णय असतो. मूल्यनिर्णय घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही, कारण तो अटळ आहे. तो मापनाच्या वेषात वावरू नये, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. कामे इतक्या वेगाने बदलत आहेत की त्यांची स्थिर वर्णने करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी माणसाच्या अंगी कोणत्या क्षमता असाव्यात हे ठरवावे, असे क्षमताधिष्ठित व्यवस्थापनाचे पुरस्कर्ते सांगतात. लवचिकपणा, पुढाकार, संघभावना, संस्थेच्या संस्कृतीशी जुळणे अशा गुणांच्या याद्या त्यातून तयार होतात. या विचारात सोय पुष्कळ आहे, परंतु एक धोकाही आहे. कामाचा आधार सुटला की पात्रतेची कसोटी पुन्हा माणसाच्या व्यक्तित्वावर येऊन पडते. ‘आपल्यात मिसळेल असा’ ही अट दिसावयास निरुपद्रवी असली तरी तिच्या आडून जात, धर्म, लिंग, भाषा आणि शाळा यांचे जुने निकष सहज आत येऊ शकतात. ड्यूक पॉवरच्या खटल्यात अट आणि काम यांचा संबंध विचारता आला, कारण काम नेमके काय आहे हे सांगता येत होते. ते सांगणेच सोडून दिले तर प्रश्न विचारण्याची जागाही नाहीशी होते. ज्या क्रमाची उलटापालट हे कार्यविश्लेषणाचे नैतिक श्रेय होते तो क्रम नव्या परिभाषेत परत येईल. म्हणून कार्यविश्लेषणाच्या मर्यादांवरील उपाय त्याचा त्याग हा नव्हे.

मग उपाय कोणता? वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वर्णनाचा प्रारंभ नेमणूकपत्रापासून न होता घडणाऱ्या कामापासून व्हावा, आणि अडचणीच्या दिवशी काम कसे पार पडते याची नोंद सुरळीत दिवसाच्या नोंदीइतकीच आवश्यक मानावी. दुसरी, मूल्यमापनाचे घटक व त्यांचे गुणभार हे गोपनीय ठेवू नयेत; ज्यांच्या वेतनावर त्यांचा परिणाम होतो त्यांना ते पाहण्याचा व त्यांस हरकत घेण्याचा अधिकार असावा. तिसरी, कामात भर पडली की वर्णनाची व मोबदल्याची फेरतपासणी आपोआप व्हावी. तिच्यासाठी कर्मचाऱ्यास संप अथवा खटला करावा लागू नये. या गोष्टींना खर्च येईल आणि वेळ लागेल. परंतु चुकीच्या वर्णनाचाही खर्च असतो; तो संस्थेच्या जमाखर्चात दिसत नाही, कारण तो काम करणारा भरतो.

विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक कर्तव्यही उद्भवते. पदव्युत्तर वर्गांत कार्यविश्लेषणाचे जे नमुने शिकविले जातात ते बहुशः अन्य देशांतील कारखाने व कचेऱ्या यांचे असतात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, घरकामगार, ऊसतोड कामगार, सफाई कामगार यांच्या कामांची शास्त्रशुद्ध आणि त्यांच्याच सहभागाने केलेली फोड मराठीतून उपलब्ध झाली तर ती एका वेळी दोन उपयोगांस येईल. शास्त्राला आपल्या मोजपट्टीत कोणते अंश कमी आहेत ते कळेल, आणि वेतनमंडळापुढे अथवा न्यायालयापुढे उभे राहणाऱ्यांना आपले काम सांगण्यासाठी शब्द मिळतील. ज्याचे वर्णन झाले नाही ते काम थांबत नाही. ते दररोज होतच राहते. त्याची नोंद करणे, आणि ती नोंद करताना ते करणाऱ्याला विचारणे, ही या शास्त्राची पहिली जबाबदारी आहे.